प्रार्थना कमी पडली असं कुणाला म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आपला पेपर रोज वाचते पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एक पत्र होतं, त्यात लिहिलं होतं की ज्याची देवावर खरी श्रद्धा असते त्याच्यावर मोठं संकट येतच नाही, आणि आलंच तर मनापासून प्रार्थना केली की ते टळतं, आणि जे संकटात रडतात, देवाला जाब विचारतात त्यांची श्रद्धा मुळात कच्ची असते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असणार, त्यांना लोकांना धीर द्यायचा असणार, यात मला शंका नाही. पण ते वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि नंतर दिवसभर कशात लक्ष लागेना, कारण माझ्या डोळ्यासमोर एक बाई उभ्या राहिल्या, आणि मनात आलं की त्यांनी हे वाचलं असेल तर?

सगळं सांगते म्हणजे समजेल.

तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा, एक दिवस सकाळी म्हणाला आई पायाला मुंग्या येतायत. आधी आठवडाभर त्याचं पोट बिघडलं होतं तेवढंच, बाकी धडधाकट पोरगा. मी म्हटलं झोपेत पाय दुमडला असेल. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना, तिसऱ्या दिवशी हातातून मोबाईल निसटायला लागला, आणि पाचव्या दिवशी तो व्हेंटिलेटरवर होता. जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. आपल्या शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटते आणि आपल्याच नसांवर हल्ला करते, पायापासून सुरू होतं आणि वर वर चढत जातं, छातीपर्यंत आलं की श्वास घ्यायचे स्नायू थकतात. या आजारात शुद्ध हरपत नाही हो. पोरगं आतून पूर्ण जागं, सगळं ऐकतंय, सगळं कळतंय, आणि बोट हलवता येत नाही. हे माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले, त्याबद्दल पुढे लिहितेच.

पाच दिवस इंजेक्शनचा कोर्स झाला, डॉक्टर म्हणाले बहुतेक पेशंट बरे होतात पण वेळ लागतो, महिने लागतात, काहींना वर्ष, आणि सगळेच होतात असं सांगता येत नाही. मी त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असते ना, तिथे मी अडतीस दिवस काढले. तिथेच त्या ताई भेटल्या. त्यांची मुलगी आत होती, माझ्या मुलाच्या शेजारचाच बेड, वेगळाच आजार होता, मुलगी साधारण माझ्या मुलाच्याच वयाची. बाहेरच्या जागेत प्लग एकच आणि मोबाईल चार्ज करायला पंधरा माणसं, तर त्या ताईंनी घरून एक एक्स्टेंशन बोर्ड आणला होता, पांढरा, चार पिनांचा, वायरला एका जागी काळी टेप गुंडाळलेली. त्या बोर्डाभोवती आम्ही सगळे बसायचो. मला वाटतं आमच्या ओळखी त्या बोर्डामुळेच झाल्या, कारण चार्जिंगला फोन लावून माणूस हलत नाही, मग बोलतो.

त्या ताई प्रार्थना करायच्या. मीही करायचे पण माझं म्हणजे अर्ध लक्ष दाराकडे, सिस्टर बाहेर आली की छातीत धस्स. त्यांचं तसं नव्हतं. पहाटे चारला उठून त्या तोंड धुवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून एक तास डोळे मिटून बसायच्या, आजूबाजूला काय वाट्टेल ते चालू दे. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे की बाई गं तुझी श्रद्धा खरी, माझी नुसती भीती.

एकविसाव्या दिवशी त्यांची मुलगी गेली.

माझा मुलगा वाचला.

आता मला सांगा, मी कुठल्या तोंडाने म्हणू की देवाने माझी प्रार्थना ऐकली? नातेवाईक सगळे तेच म्हणतात, "तुझी पुण्याई गं, तुझी भक्ती फळाला आली". म्हणताना त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण मी ते वाक्य एकदा जरी मान्य केलं तर त्याचा दुसरा अर्धा भागही मान्य करावा लागतो, की त्या ताईंची भक्ती कमी पडली. आणि ते खोटं आहे, मी शेजारी बसून बघितलंय. म्हणून मला गेल्या आठवड्याच्या त्या पत्राचा त्रास झाला. ज्यांचं वाईट झालं त्यांच्यावर ते पत्र नकळत ठपका ठेवतं, आधीच पोटचं गेलेलं आणि वर तुमचंच काहीतरी कमी पडलं.

हे "तुमचंच काहीतरी" फार जुनं आहे. बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे, सज्जन माणूस, एका दिवसात त्याची सात मुलगे तीन मुली जातात, गुरंढोरं जातात, मग अंगभर फोड येतात. त्याला भेटायला तिघं मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तोपर्यंत सगळं छान. मग ते तोंड उघडतात आणि एकामागून एक समजवायला लागतात की देव अन्याय करत नाही, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील. ईयोब ऐकत नाही, तो सरळ देवाशी वाद घालतो, मला का, मी काय केलं, समोर ये आणि सांग. आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही तर त्या मित्रांवर, की तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत, हा बोलला. देवाची बाजू घेणाऱ्यांवर देव चिडला आणि भांडणाऱ्याला आपलं म्हटलं! मला ही गोष्ट एका ओळखीच्या नर्सने रात्रपाळीत सांगितली होती तेव्हा मी दोनदा सांगायला लावली. (शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात असं आहे, ते मात्र मला आजही पटत नाही. दहा नवी आली म्हणून पहिली दहा भरून निघतात का, कुठल्याही आईला विचारा.)

येशूलाही शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारलं होतं की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं, तर तो म्हणाला दोघांचंही नाही. आणि मोठमोठ्या माणसांनाही हा मोह सुटत नाही बघा. 1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो माणसं गेली, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यता पाप होतीच, त्यात वादच नाही, पण रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीरपणे हरकत घेतली, की निसर्गाच्या घटनेला असं पाप पुण्याशी जोडू नका. गांधीजींचा मोठेपणा असा की ठाकुरांचं ते लिखाण त्यांनी स्वतःच्या हरिजन साप्ताहिकात छापलं, आपलं मत मात्र सोडलं नाही. मला या बाबतीत ठाकुरांचं बरोबर वाटतं. भिंतीखाली सापडलेल्या लेकराचं काय पाप.

आता माझ्या स्वतःच्या श्रद्धेचं सांगते कारण नाहीतर वाटेल की ही बाई नास्तिक झाली आणि आता सगळ्यांची श्रद्धा मोडायला निघाली. तसं नाहीये, उलट आहे. पण मधे मोडली होती हे खरं. मुलगी गेली त्या रात्री मी देवाला म्हटलं आजपासून तुझा माझा संबंध संपला. आणि खरंच चार पाच दिवस मी त्याचं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं मी फार मोठं पाप केलं. खूप नंतर कळलं की आपल्या तुकोबांनी हेच, याच्याहून कडक शब्दात म्हणून ठेवलंय, "माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल". 1630 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं, लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, हे सगळं त्यांनी स्वतः लिहिलंय. आपण तुकोबांना नुसतं समाधानी, टाळ घेतलेलं चित्रात बघतो, पण गाथा उघडली की पानापानावर भांडण आहे, रुसणं आहे, देवाला नाही नाही ते बोलणं आहे. आणि भांडताना पाठ फिरवून निघून जात नाहीत हो, तोंडासमोर उभं राहून भांडतात. परक्याशी कोण असं भांडतं?

संकटात देव आठवणं म्हणजे स्वार्थ, सुखात आठवला तरच खरा, असंही पुष्कळ लोक ऐकवतात. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात पहिलाच आहे आर्त, म्हणजे पीडेने कळवळून हाक मारणारा. ज्ञानी भक्त कृष्णाला सगळ्यात जवळचा हे खरं, पण आर्ताला त्याने यादीतून काढलेलं नाही, उलट हे सगळेच उदार आहेत असं म्हटलंय. मग आपण कोण काढणारे. भागवतात कुंती म्हणते की देवा आमच्यावर संकटं येतच राहू देत म्हणजे तुझं दर्शन होत राहील. मी तिला हात जोडते पण मला ते मागता येणार नाही. मला संकट नकोच आहे. मी आर्तच बरी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

व्हेंटिलेटरवर अकरा दिवस झाले होते. मुलाला बोलता येत नव्हतं, हात हलत नव्हता, फक्त पापण्या थोड्या थोड्या मिटत होत्या. एका शिकाऊ फिजिओथेरपिस्ट मुलीने सुचवलं की अक्षरांचा तक्ता करा. मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने मुळाक्षरं लिहिली, ओळी ओळीने, क ची ओळ, च ची ओळ, शेवटी स्वर आणि काना मात्रा. मी ओळीवरून बोट फिरवणार, बरोबर ओळ आली की त्याने पापणी मिटायची, मग त्या ओळीत एकेक अक्षर. फार वेळ लागायचा. मला वाटत होतं आता तो काय सांगेल, आई मला भीती वाटते म्हणेल, मी जगेन का विचारेल, मी उत्तरं तयार करून गेले होते, देव आहे बाळा, देव सगळं बघतोय, असलं सगळं पाठ करून. य ची ओळ, पापणी मिटली. ल. मग काना. मग स्वरांच्या ओळीत इ. मग ट.

लाइट.

मी वर बघितलं. त्याच्या बरोबर डोक्यावर ट्यूब होती, चोवीस तास चालू. अकरा दिवस अकरा रात्री ती ट्यूब त्याच्या डोळ्यात होती आणि त्याला मान वळवता येत नव्हती. आम्ही सगळे बाहेर बसून देवाला एवढे मोठमोठे प्रश्न विचारत होतो, का, कशासाठी, कुणाच्या पापाने, आणि आत त्या पोराला फक्त तो दिवा नको होता. सिस्टरने लगेच ती ट्यूब बंद केली, कोपऱ्यातली लावली. दोष कुणाचाच नाही, त्या मुली बिचाऱ्या एकेक जण चार चार पेशंट सांभाळायच्या. दिवा बंद झाल्यावर त्याचा चेहरा, आता चेहऱ्याचे स्नायूही नीट हलत नव्हते त्यामुळे काय बदललं ते मला सांगता येणार नाही, पण बदललं. तो झोपला. माझ्यासमोर पहिल्यांदा शांत झोपला.

त्या रात्री बाहेर येऊन मी ताईंच्या शेजारी बसले आणि हे सांगितलं. तेव्हा त्यांची मुलगी होती अजून. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या, वॉर्डातल्या मावशींना विनवलं आणि मुलीच्या बेडजवळ जाऊन उशीशी डोकं टेकवून वर बघितलं, तिला काय दिसत असेल ते बघायला. परत येऊन म्हणाल्या, "तिच्या वर एसीची झडप आहे, थेट तोंडावर वारा येतोय." मग ती बंद करून घेतली. पुढचे दहा दिवस त्या मुलीच्या तोंडावर वारा आला नाही.

देव कुठे असतो मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही, पण कुणी फारच विचारलं तर मला ती उशी आठवते. मी तेव्हापासून प्रार्थनेत "वाचव" एवढंच म्हणायचं सोडून "मला दिसू दे" म्हणायला लागले. वाचव पण म्हणायचे, खोटं कशाला बोलू. पण मुलगी गेल्यानंतरच्या त्या अबोल्याच्या चार पाच दिवसांनी जेव्हा परत हात जोडले तेव्हा मागणं बदललेलं होतं. आधी माझा विश्वास म्हणजे एक प्रकारचा सौदाच होता, मी एवढं करते तू एवढं दे. तो सौदा तुटला ते बरं झालं असं मी म्हणणार नाही कारण तो तुटायला एक पोरगी गेली. पण तुटल्यावर जे उरलं ते मला जास्त खरं वाटतं. आता उद्या परत काही झालं तर मी "देव असता तर असं झालं नसतं" असं म्हणेन असं वाटत नाही, मी बहुतेक परत भांडेन आणि परत जाईन त्याच्याकडेच, दुसरं कोण आहे.

आणि ज्यांना प्रार्थना करताना आतून काहीच जाणवत नाही, नुसतं कोरडं वाटतं, त्यांनीही स्वतःला दोष देऊ नये. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये पुस्तकरूपात आली, तेव्हा जगाला कळलं की कितीतरी वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं, आत अंधार होता असं त्या कळवळून लिहितात. आणि रोज सकाळी उठून त्या मरणाऱ्या माणसांजवळ जातच होत्या. 2016 मध्ये चर्चने त्यांना संत जाहीर केलं, ही पत्रं माहीत असूनही. मला हे कळलं तेव्हा फार मोकळं वाटलं, कारण मला वाटायचं विश्वास म्हणजे आतून सतत काहीतरी छान वाटत राहणं.

एक अजून, प्रार्थनेने बरं वाटतं म्हणून कुणी औषध सोडू नका. आम्हाला दोघातिघांनी फोनवर सांगितलं होतं की हॉस्पिटलमधून काढा आणि अमक्याकडे न्या. काढलं असतं तर त्या रात्रीच संपलं असतं, त्याचा श्वास मशीनवर होता. ते मशीन, ती इंजेक्शनं, रात्री तीनला नळी साफ करणारी सिस्टर, हे सगळं मी देवाच्या खात्यात धरते, ज्यांना धरायचं नसेल त्यांनी धरू नये, पण सोडू मात्र नये.

मुलगा आता चालतो. डाव्या पावलाला अजून पट्टा लावावा लागतो, जिना उतरताना कठडा धरतो, जास्त चाललं की थकतो. पूर्वीसारखा झाला नाही, कदाचित होणारही नाही. पुठ्ठ्याचा तो तक्ता मी जपून ठेवलाय, त्याला ते आवडत नाही, म्हणतो टाकून दे आई. टाकवत नाही.

ताई मुलगी गेल्यावर सगळं आवरून निघाल्या तेव्हा मी धावत त्यांच्या मागे गेले, बोर्ड तसाच राहिला होता म्हणून. त्या म्हणाल्या "असू दे, तुम्हाला लागेल." एवढंच. अडतिसाव्या दिवशी मुलाला वॉर्डात हलवलं तेव्हा मी पण तो बोर्ड तिथेच ठेवला, एका नवीन आलेल्या माणसाला सांगितलं की वायर टेपपाशी जरा जपून धरा. अजून असेल तिथे किंवा जळलाही असेल.

आम्ही दोघी महिन्या दोन महिन्यांनी फोनवर बोलतो. मागच्या वर्षी धीर करून विचारलं, ताई अजून पहाटे उठता का. म्हणाल्या उठते, डोळे मिटून बसते, पण आता तासभर बसवत नाही, आणि काही दिवस नुसतीच बसते, काही म्हणत नाही. मी म्हटलं मीपण.

संपादक साहेब, आपली एक विनंती. श्रद्धेबद्दल आपण बरीच पत्रं छापता, आजारातून उठलेल्यांची, नोकरी परत मिळालेल्यांची, ती छापाच, वाचून बरं वाटतं. पण ज्यांनी तितकंच मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही आणि तरी जे कुठल्या ना कुठल्या रीतीने देवाजवळ टिकून आहेत त्यांचीही छापा, त्यांना कुणी विचारत नाही. हे पत्र पाठवण्याआधी मी ते ताईंना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, त्यांना विचारल्याशिवाय पाठवणं बरोबर नव्हतं. एसीच्या झडपेपाशी त्या थोडा वेळ गप्प झाल्या, मग म्हणाल्या "पाठवा." मी म्हटलं तुम्हीपण लिहा ना एक. तर म्हणाल्या, "लिहीन. पण आत्ता नाही."

त्यांचं पत्र आलं तर कृपया छापा, कितीही लांबलचक असलं तरी.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)